पाचव्या क्रमांकाचं ध्येय

५ जानेवारी

प्रिय दादा,
सप्रेम सलाम.

तुझा पत्ता आईकडून मिळाला. तिने तो शिवणाच्या डब्यात बटणांच्या खाली ठेवला होता. तातडी असली तरच वापर, असं तू तिला सांगितलं होतंस म्हणे. तातडी काही नाही. सगळे बरे आहेत, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तू हे पत्र दारातच उभ्याउभ्या वाचणार नाहीस.

तीन वर्षांनी पहिलं पत्र, आणि सुरुवात करतेय चर्चच्या तरुण संघाच्या बातमीने. हसशील. हस.

संघाला नवे पुढारी आले आहेत. पहिल्याच रविवारी म्हणाले, "तुम्ही जानेवारीत संकल्प करता आणि फेब्रुवारीत ते कुठे ठेवले ते शोधत बसता. यंदा टिकणारं काहीतरी करू." मग प्रत्येकाला एकेक जाड कार्ड दिलं. पाच वर्षांसाठी पाच ध्येयं. आधी प्रार्थना करायची, मग लिहायचं, तेही पेनने. प्रत्येक ध्येयापुढे तारीख हवी, आणि ते झालं की नाही हे मोजता आलं पाहिजे. एक प्रत पाकिटात बंद करून पाळकीणबाईंकडे. त्या सगळी पाकिटं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवणार आहेत आणि दर डिसेंबरात ज्याची त्याला वाचायला देणार आहेत. मागच्या बाकावरून रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने विचारलं, "वजन कमी करणं आध्यात्मिक धरायचं का?" पुढारी म्हणाले, "किती किलो ते लिहिलंत तर धरू."

मी लिहिलं ते असं. एक, रोज कामाला निघण्याआधी अर्धा तास पवित्र शास्त्र आणि प्रार्थना. दोन, माझ्या कामातली वरची परीक्षा, दोन वर्षांत. तीन, रविवारशाळेतल्या मोठ्या मुलींना अभ्यासाला बसवणं, त्यातली एक तरी कॉलेजात जाईपर्यंत. चार, राग आला की लगेच न बोलणं. हे कसं मोजणार, असं पुढाऱ्यांनी विचारलं. आई म्हणाली, "मी मोजीन. वही लागेल."

पाचवं नंतर सांगते.

काम म्हणजे, मी रक्तपेढीत लागले. पदवी मिळाली, हे आईने तुला कळवलं असेलच. घरातली पहिली पदवी. बाबांनी प्रमाणपत्र खिडकीशी नेलं, भिंग लावून त्यावरची अक्षरं पाहिली आणि म्हणाले, "यंत्राने छापलंय. मी याहून बरं काढलं असतं." त्यांना पाट्या रंगवायची कामं आता थोडीच मिळतात, पण दुसऱ्याच्या अक्षराला नावं ठेवायचं काम भरपूर आहे.

तू पाळक व्हायचं शिक्षण अर्धवट टाकून सेमिनरी सोडलीस हे बाबांना कळलं, त्या संध्याकाळबद्दल मी काही लिहीत नाही. प्राचार्यांचं ते पत्र, बाबांचं बोलणं, तुझी बॅग, सगळं होऊन गेलं आहे. १६ मार्चला तरुणांचा रविवार आहे. त्या दिवशी मला ध्येयांबद्दल साक्ष द्यायची आहे, चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभं राहून. तू आलास तर मला फार बरं वाटेल.

उत्तर दे. चार ओळी चालतील.

तुझी
मास्तरीण
(तुझ्यानंतर या नावाने मला कुणी हाक मारली नाही. माझी मास्तरकी मात्र कमी झालेली नाही.)


२४ जानेवारी

प्रिय दादा,
सलाम.

उत्तर नाही. ठीक आहे, पत्र उशिरा पोचलं असेल असं मी धरून चालले आहे.

काल कामावर माझी चूक झाली, ती तुला सांगावीशी वाटते. आमच्याकडे रक्ताच्या प्रत्येक पिशवीचा गट दोघांनी वेगवेगळा तपासायचा असतो. पहिल्याने काय लिहिलं ते दुसऱ्याने बघायचं नाही. दोघांचं जुळलं तरच पिशवी पुढे जाते. मी पहिली होते. एकाच वेळी दोन पिशव्या हातात घेतल्या, जे करायचं नसतं, आणि एकीची चिठ्ठी दुसरीला लावली. दुसऱ्या तपासणीत आमच्या बाईंनी पकडलं. बाई म्हणजे आमच्या मुख्य तंत्रज्ञ. सव्वीस वर्षं त्याच टेबलाशी उभ्या आहेत, खुर्ची दिली तर त्यावर पर्स ठेवतात.

पिशवी आमच्या खोलीबाहेरसुद्धा गेली नव्हती. तरी अशा वेळी चुकांच्या वहीत नोंद करायची असते. मी वाट बघत राहिले की बाई लिहितील.

"माझ्याकडे काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "मी लिहिलं तर तुझी तक्रार होईल. तू लिही."

मी लिहिलं, लेबल चुकीच्या पिशवीला लागले. बाईंनी चष्मा वर केला. "आपणहून लागलं? हातपाय फुटले त्याला?" मग मी ओळ खोडली आणि मी लावलं असं लिहिलं. खाली सही केली. बाई म्हणाल्या, "झालं. आता चहा पी आणि हात धुऊन ये." मग स्वतःशीच म्हणाल्या, "उलट सांगितलं. आधी हात."

दिवसभर तेच डोक्यात होतं. का, ते आत्ता लिहीत नाही.

पाचवं ध्येय सांगते. मी लिहिलं आहे, दादाला घरी आणि मंडळीत परत आणणे, ३१ डिसेंबरपर्यंत. बाकीच्या चारांना वर्षं दिली, तुला फक्त बारा महिने. पुढाऱ्यांना ते इतकं आवडलं की साक्षीत यावरच भर दे म्हणाले. रोज सकाळच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं तुझी असतात. तुला हे कळलं तर बरं वाटेल असं मला वाटलं.

तुझी
मास्तरीण


११ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी चालतील असं मीच म्हटलं होतं, आणि तू बरोबर चारच लिहिल्यास.

"मी तुझ्या यादीत खूण करायची वस्तू नाही. पाचवा नंबर दुसऱ्या कुणाला दे. प्राचार्यांनी बाबांना पत्र घातलं तेव्हा बाबांनी ते एकदा मला दाखवलं असतं तर बरं झालं असतं. लिफ्ट दुरुस्त करतो, पोट भरतं, प्रार्थनाही करतो, पण ती कुणाला मोजू देत नाही."

मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. चौथं ध्येय आठवून अर्धा तास थांबले आणि मग हे लिहायला बसले, त्यामुळे रागाचं पत्र तुला येत नाहीये, एवढं श्रेय मला दे.

मला वाटतं तुझा गैरसमज झाला आहे. ज्याच्यावर जीव असतो त्याच्यासाठी माणूस ध्येय ठेवतो. बाबांनीही तेच केलं. तीन वर्षांचा असताना तू तापाने फणफणला होतास, तेव्हा त्यांनी देवाला शब्द दिला की हा वाचला तर तुझ्या सेवेला देईन. तो शब्द त्यांनी

इथे मी थांबले होते. एक दिवस मध्ये गेला. वरचं वाक्य पुरं करता येत नाही. बाबांनी तुला न विचारता देवाला देऊन टाकलं आणि मी तुला न विचारता कार्डावर लिहिलं, असं ते वाक्य पुढे जात होतं. मला ते लिहायचं नव्हतं.

प्राचार्यांच्या पत्राबद्दलही काही लिहायचं होतं. नंतर लिहीन.

मास्तरीण


२ मार्च

प्रिय दादा,

हे पत्र बसून वाच.

काल साक्षीचा मसुदा आईला वाचून दाखवला. ती इस्त्री करत होती. दोन पानं लिहिली होती, पाठ केली होती, कुठे थांबायचं तेही ठरवलं होतं. माझा भाऊ देवाच्या वाटेवरून दूर गेला, घर तुटलं, मी हार मानली नाही, असं सगळं. आईने इस्त्री उभी करून ठेवली.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "एक वाक्य गाळलंस."

"कुठलं?"

"कळलं कुणाकडून ते."

दादा, प्राचार्यांनी पत्र घातलं नव्हतं. त्यांचं पत्र कधी आलंच नाही. मी सांगितलं.

त्या आठवड्यात बुधवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना तू मला म्हणालास की दोन महिन्यांपूर्वीच सेमिनरी सोडली, लिफ्टचं काम शिकतोयस, आणि रविवारी जेवणानंतर तू स्वतः बाबांना सांगणार आहेस. "चार दिवस पोटात ठेव," म्हणालास. मी हो म्हटलं. हातात तुझाच शर्ट होता. गुरुवारी पाळकसाहेबांच्या घरी प्रार्थनासभा होती. पाळकीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं, कुणाचा प्रार्थनेचा विषय आहे का. मी उभी राहिले. बसूनही सांगता आलं असतं, सगळे बसूनच सांगतात. म्हटलं, "माझ्या भावासाठी प्रार्थना करा. त्याने सेमिनरी सोडली आहे."

त्या क्षणी मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं, हेही लिहिते. आवाज कापत होता आणि तो कापतोय हे मला आवडत होतं. अकरा माणसं होती. कुणीतरी माझा हात दाबला. मी डोळे मिटले, कारण सगळ्यांनी मिटले होते, आणि उघडले तेव्हा दारात बाबा उभे होते. ते आम्हाला न्यायला आले होते. आई मागच्या रांगेत होती, तिने त्यांना माझ्याआधी पाहिलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण एक जागा तुला चुकीची माहीत आहे. बाबांनी तुझ्या नावाची पाटी रंगवून ठेवली होती, नावाआधी रेव्हरंड घालून, दोन वर्षं आधीच. ती त्यांनी तुझ्यासमोर भिंतीकडे तोंड करून उभी केली. म्हणाले, "देवाशी खोटं बोलणारा माझ्याशी खरं काय बोलणार?" तू विचारलंस, "तुम्हाला सांगितलं कुणी?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि ते काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "सेमिनरीतून पत्र आलं."

बाबा गप्प बसले. तुला ते खरं वाटलं. त्या दिवसापासून मी प्राचार्यांचं पत्र इतक्या वेळा मनात आणलं आहे की मला त्याचं पाकीटसुद्धा दिसतं.

मी तुझ्यासाठी प्रार्थना मागितली नव्हती. मागितली असं तेव्हा खरंच वाटलं होतं. मला तुझी बातमी माझ्या तोंडून सांगायची होती. तू मला एक दिवस विश्वासाने काहीतरी सांगितलंस आणि मी ते एक दिवससुद्धा ठेवलं नाही.

माफ कर हे लिहायला सोपं आहे म्हणून शेवटी लिहीत नाही, मध्येच लिहिते. माफ कर. आता बाकीचं. साक्षीत मी हे सगळं सांगायचं ठरवलं आहे. पूर्ण मंडळीसमोर, पाटीसकट. त्याशिवाय मला समाधान मिळणार नाही.

तुझी
(मास्तरीण लिहायला आज हात होत नाही.)


१७ मार्च

प्रिय दादा,

काल तरुणांचा रविवार झाला. मी साक्ष दिली नाही.

झालं असं. गेल्या आठवड्यात हात धुता धुता मी बाईंना थोडक्यात सांगितलं की घरातल्या माणसाशी मी चुकीचं वागले आणि ते आता चर्चमध्ये सगळ्यांसमोर कबूल करणार आहे. तुझी गोष्ट काय, ती सांगितली नाही. त्यांनी नळ बंद केला.

"किती माणसं असतात तुमच्या चर्चमध्ये?"

"दोनशे."

"आणि चूक कितीजणांशी केलीस?"

"एकाशी. दोघांशी."

"मग बाकीचे एकशेअठ्ठ्याण्णव काय करणार? टाळ्या?"

मला इतका राग आला की चौथं ध्येय कुठल्या कुठे गेलं. "तुम्हाला यातलं कळत नाही," म्हणाले. त्या म्हणाल्या, "कळत नाही, बरोबर. टॉवेल दे."

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. मी पुन्हा तेच करणार होते. पुन्हा उभी राहणार होते, पुन्हा आवाज कापणार होता, आणि पुन्हा तुझी गोष्ट, तुला न विचारता, या वेळी अकराऐवजी दोनशे लोकांत. फरक एवढाच की या वेळी मी स्वतःला वाईट म्हणणार होते, आणि त्याबद्दल लोकांनी मला चांगलं म्हटलं असतं.

पुढाऱ्यांना सांगितलं, जमणार नाही. ते चांगले आहेत, पण कार्यक्रम छापून झाला होता. "कारण तरी सांगा."

"कारण सांगितलं तर तीच साक्ष होईल."

त्यांनी माझ्या जागी ड्रायव्हरला उभं केलं. तो नऊ मिनिटं वजनावर बोलला. अडीच किलो उतरलं आहे.

दुपारी मी बाबांकडे गेले. ते मागच्या खोलीत दवाखान्याची पाटी करत होते, "वेळ" हा शब्द काढत होते. हात आता थोडा थरथरतो, म्हणून डाव्या मनगटावर उजवं मनगट टेकवून काढतात. म्हटलं, "बाबा, पत्र आलं नव्हतं, मी खोटं बोलले."

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी दारातच होतो की."

"मग तुम्ही त्याला सांगितलं का नाही?"

त्यांनी ब्रश रंगात बुडवला. "मलाही सोयीचं पडलं. तिसऱ्याच माणसावर गेलं. आणि एक पोर निघालं होतं, दुसऱ्यावर त्याचा राग नको, असं वाटलं." मग म्हणाले, "पण दोन महिने तो मला फसवत राहिला, हे तर खरंच ना."

तेव्हा मला कळलं की त्यांना ते माहीतच नाही. तुला लिहिलं होतं, त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "तो रविवारी जेवणानंतर तुम्हाला सांगणार होता. त्याने दिवस ठरवला होता. मी गुरुवारी बोलले."

बाबांच्या हातातला ब्रश तसाच राहिला, पाटीवर एक थेंब पडला, आणि त्यांनी तो पुसला नाही. दादा, त्यांच्या पाटीवर थेंब पडलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

"तो सांगणार होता?"

"हो."

"मला?"

"तुम्हालाच."

ते खुर्चीवर बसले. तीन वर्षं त्यांना वाटत होतं की त्यांच्या मुलाने त्यांना फसवलं आणि पकडला गेला. ते खोटं मी त्या संध्याकाळी बोलले नव्हते, पण रोज गप्प राहून चालू ठेवलं होतं. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "काय म्हणाला होता? नीट सांग, जसं म्हणाला तसं." मी गच्चीवरचं सगळं सांगितलं, शर्टासकट. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

मग म्हणाले, पत्र लिहिशील तेव्हा खाली जागा ठेव. ठेवते आहे.

तुझी बहीण

[खाली, ब्रशने, मोठ्या अक्षरांत:]

तू मला सांगणार होतास हे मला काल कळलं. मी तेव्हा बोललो ते चूक होतं. देवाला शब्द मी दिला होता, तू नव्हता दिलास. मी रविवारी जेवणानंतर घरीच असतो. रविवार दर आठवड्याला येतो.
बाबा


१० एप्रिल

प्रिय दादा,
सप्रेम सलाम.

सोमवारी तुझा फोन आला तेव्हा मी रक्तपेढीत होते आणि हातात हातमोजे होते. बाईंनी माझ्या कानाला फोन धरला आणि तोंड भिंतीकडे करून उभ्या राहिल्या. सात मिनिटं. नंतर म्हणाल्या, "मी काही ऐकलं नाही. पण तुझा भाऊ फार हळू बोलतो, त्याला जरा मोठ्याने बोलायला सांग."

तू मला माफ केलंस की नाही, हे तू म्हणाला नाहीस आणि मी विचारलं नाही. "येईन, पण कधी ते विचारू नकोस," म्हणालास. विचारत नाही. मग मला ती एक गोष्ट सांगितलीस आणि म्हणालास, "हे अजून बाबांना, आईला, कुणालाच नाही." त्यानंतर तू थोडा वेळ थांबलास. तू का थांबलास ते मला कळलं.

मंगळवारी पाळकीणबाईंकडून माझं पाकीट परत मागून घेतलं. त्या म्हणाल्या, असं कुणी मागितलं नव्हतं, डबा डिसेंबरातच उघडायचा असतो. तरी त्यांनी दिलं. पाचवी ओळ पेनची होती, ती खोडून चांगली दिसेना, म्हणून पुढाऱ्यांकडून नवं कार्ड घेतलं. पहिली चार तशीच. पाचवं लिहिलं, कुणी विश्वासाने सांगितलेलं पोटात ठेवणे.

पुढाऱ्यांनी वाचलं. "तारीख राहिली."

"तारीख नाही."

"मग झालं की नाही हे कळणार कधी?"

"मी मेल्यावर. आणि तेही देवाला. बाकी कुणाला कळलं तर झालं नाही असं समजायचं."

त्यांनी डोकं खाजवलं. "मोजता येत नाही," म्हणाले, पण कार्ड घेतलं.

आज गुरुवार. आत्ताच प्रार्थनासभेहून आले. पाळकीणबाईंनी विचारलं, कुणाचा विषय आहे का, आणि मग माझ्याकडे वळून, किती दिवसांनी, "भावाचं काही कळलं का गं?" अकराच्या जागी नऊ माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादा, खोटं सांगत नाही, तुझी गोष्ट माझ्या जिभेच्या टोकावर आली होती. चांगली बातमी आहे ना ती. त्यांना किती आनंद झाला असता. डोळ्यांत पाणी आणून सांगावं अशीच आहे.

मी म्हटलं, "बरा आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा." बसूनच म्हटलं. "कशासाठी?" त्यांनी विचारलं. "अशीच, सर्वसाधारण," मी म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, "माझ्यासाठीही सर्वसाधारणच करा, एक किलो परत आलंय."

घरी आल्यावर आईने चपला काढायच्या आधीच विचारलं, "सोमवारी काय म्हणाला तो?"

"बरा आहे म्हणाला."

"आणि?"

"आणि पुढचं तो सांगेल."

ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली, "बघू किती दिवस टिकतंय." दहा मिनिटांनी बाबांनीही येऊन तेच विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं. ते गेले नाहीत, दाराशीच उभे राहिले, आणि म्हणाले, "म्हणजे आहे काहीतरी." मी भांडी घासत राहिले.

हे पत्र उद्या आई टाकणार आहे. तिला ते आधी वाचायचं आहे, तसं तिने स्पष्टच सांगितलं. म्हणून पाकीट मी उघडं ठेवते आहे. तिने खुशाल वाचावं.

तुझी
मास्तरीण